फाडफाड बोलतो तोच चांगला इंग्रजीचा शिक्षक का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवणाऱ्यांबद्दल पालक, शाळा समितीतली मंडळी, डी.एड.-बी.एड. करणारी मुलं-मुली आणि खुद्द शिक्षक जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी याच भागात इंग्रजी शिकवते आणि इंग्रजी शिकवणाऱ्यांसोबत काम करते. प्रश्न शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

आमच्या झेडपी शाळेतल्या सरांचं इंग्रजी अगदी गावाकडचं वाटतं. लेकरांचं नुकसान होईल का?

बोलण्याचा सूर गावाकडचा असणं वेगळं आणि बोललेलं न कळणं वेगळं. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या संशोधकांनी १९९५ साली हेच तपासलं. परक्या वळणाने बोललेली इंग्रजी वाक्यं त्यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ऐकवली आणि ऐकलं ते लिहून काढायला सांगितलं. कित्येक वाक्यांना ऐकणाऱ्यांनी ‘फारच परका उच्चार’ असा शेरा दिला, आणि तरी तीच वाक्यं त्यांनी शब्दन्‌शब्द बरोबर लिहून काढली.

त्यामुळे सरांचा ट आणि ड मराठी वळणाचा आहे, ‘थिंक’मधला थ आपल्या थालीपिठातला आहे, एवढ्यावरून काळजी करू नका. जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली वेगवेगळ्या देशांतली माणसं एकमेकांशी इंग्रजीत बोलताना नेमकी कुठे अडतात याचा आढावा मांडला. त्यात हा थ कळण्याच्या आड येतो असं दिसलं नाही.

आड येणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच आहेत, आणि आपल्याकडे त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. परीक्षा या अर्थाचा ‘टेस्ट’ आणि चव या अर्थाचा ‘टेस्ट’ आपण एकसारखाच म्हणतो. इंग्रजीत ते दोन वेगळे स्वर आहेत. ‘शिप’ आणि ‘शीप’ यांत स्वर किती लांबवला यावर अर्थ ठरतो. शब्दाच्या सुरुवातीच्या प, ट, क यांना इंग्रजीत श्वासाचा झोत असतो. आपण तो देत नाही, म्हणून आपली ‘पिन’ बाहेरच्या माणसाला ‘बिन’ ऐकू येऊ शकते. आणि वाक्यात कोणत्या शब्दावर जोर द्यायचा, हेही महत्त्वाचं. सरांनी एवढं सांभाळलं तर त्यांच्या बोलण्यात औंढा नागनाथ ऐकू आलं तरी लेकरांचं काहीही बिघडत नाही.

खरं नुकसान होतं ते तासाला इंग्रजी कानावरच पडत नाही तेव्हा. पुस्तकातला धडा मराठीत सांगितला, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून दिली, तास संपला. तसं होत असेल तर काळजी करा, मग सरांचा उच्चार बीबीसीवाल्यासारखा का असेना.

पण कानाला तर लगेच कळतं ना, कोणाचं इंग्रजी चांगलं आहे ते?

कानावर इतका भरवसा ठेवू नये. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात डोनाल्ड रुबिन यांनी एक प्रयोग केला, तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका छोट्या व्याख्यानाची टेप ऐकवली. आवाज एकाच अमेरिकन बाईचा. फक्त काहींना सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला आणि काहींना आशियाई चेहऱ्याच्या बाईचा. आशियाई चेहरा पाहिलेल्यांना तोच आवाज परक्या उच्चाराचा वाटला आणि व्याख्यानही त्यांना कमी कळलं. टेप एकच होती, हे पुन्हा सांगते. चेहरा पाहून मनाने आधी निकाल दिला आणि कानाने त्यावर सही केली.

आपल्याकडे फोटोची जागा इतर गोष्टी घेतात. शिक्षक कोणत्या माध्यमातून शिकला, कोणत्या तालुक्याचा, आडनाव काय, कपडे कसे, स्कूटीवरून येतो की एसटीने. पालकसभेत मॅडमनी एक वाक्य बोलायच्या आतच अर्ध्या लोकांचं मत झालेलं असतं. पुढचं सगळं बोलणं त्या मताच्या चाळणीतून ऐकलं जातं.

इंग्रजी ज्यांची मातृभाषाच आहे अशा लोकांनी शिकवलं तर सगळ्यात उत्तम, हे तरी खरं ना?

हा समज जगभर आहे, आणि इंग्रजी शिकवण्याच्या धंद्याने तो जोपासला आहे. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुलाची परिषद भरली होती. नवस्वतंत्र देशांमध्ये इंग्रजी कसं शिकवावं याचं धोरण तिथे आखलं गेलं. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ साली त्या धोरणामागची पाच गृहीतकं उलगडून दाखवली. आदर्श शिक्षक म्हणजे मातृभाषा इंग्रजी असलेला शिक्षक, हे त्यातलंच एक. याला आधार काय, असं फिलिप्सन यांनी विचारलं आणि तो भ्रम आहे असं स्पष्ट लिहिलं. भाषा जन्माने येणं आणि ती दुसऱ्याला शिकवता येणं यांचा आपोआप संबंध नसतो. तुम्हाला उत्तम मराठी येतं. पण ‘मी पोळी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ यांत क्रियापद का बदललं, हे एखाद्या जपानी माणसाला समजावून सांगून बघा.

पुढे गोष्टी थोड्या हलल्या. इंग्रजी शिक्षकांच्या टीसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ साली निवेदनच काढलं की मातृभाषेवरून नोकरीत भेदभाव करू नये. युरोपीय परिषदेने भाषाकौशल्याच्या पातळ्यांची जी चौकट २००१ साली आखली होती, तिच्या २०२० च्या पूरक खंडात ‘मातृभाषक’ हा मापदंड वर्णनांतून काढून टाकला.

आपल्यापुरता हिशेब तर फारच सोपा आहे. २०११ च्या जनगणनेत सव्वाशे कोटींच्या आसपासच्या देशात इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे सुमारे २.६ लाख निघाले. हिंगोली जिल्ह्याची एकट्याची लोकसंख्या तेव्हा ११ लाखांच्या वर होती. भारतात इंग्रजी शिकवणारा जवळपास प्रत्येक माणूस ते शिकूनच आलेला आहे, दिल्लीचाही आणि देगलूरचाही.

वर्गात मराठी बोलणारा इंग्रजीचा शिक्षक कच्चा समजायचा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगते.

हंगेरीचे पीटर मेजेश यांनी नव्वदच्या दशकात इंग्रजी शिकून शिक्षक झालेल्यांच्या जमेच्या बाजू मांडल्या. ते स्वतः त्यातलेच. असा शिक्षक मुलांसमोर यशस्वी विद्यार्थी म्हणून उभा असतो. भाषा कशी शिकायची याच्या युक्त्या त्याला अनुभवाने माहीत असतात. मूल कुठे अडणार हे तो आधीच ओळखतो. मातृभाषा सामाईक असेल तर तिचाही उपयोग होतो. मेजेश यांनी दुसरी बाजूही लपवली नाही: अशा शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी अनेकदा अपुरं असतं आणि त्याला त्यावर सतत काम करावं लागतं.

‘मूल कुठे अडणार’ म्हणजे काय, ते आपल्या वर्गात बघू. पाचवीतली मुलगी लिहिते, ‘माय हेड इज पेनिंग’. बाहेरच्या शिक्षकाला ती नुसती चूक दिसेल. मराठी जाणणाऱ्याला त्यामागचं ‘माझं डोकं दुखतंय’ ऐकू येतं. ‘आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ असं मूल म्हणतं, कारण ‘आहे’ दिसलं की ‘ॲम’ आलंच पाहिजे असं त्याने धरलेलं असतं. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ गाळले जातात, कारण आपल्या भाषेत त्या जागी काहीच नसतं. क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, कारण मराठीत ते तिथेच असतं. हे माहीत असलेला शिक्षक सतरा चुका लाल करत बसत नाही. त्या सतरांच्या मुळाशी असलेल्या दोन गोष्टी तो पकडतो आणि त्यांवर आठवडाभर काम करतो. ही विद्वत्ता आहे. ली शुलमन यांनी १९८६ साली शिक्षकाच्या या खास ज्ञानाकडे लक्ष वेधलं होतं: विषय येणं हे एक, शिकवण्याच्या सर्वसाधारण पद्धती येणं हे दुसरं, आणि हा विषय या मुलांना कसा कळेल हे जाणणं हे तिसरं.

आपल्या वर्गात तर सगळ्यांची मातृभाषा मराठीही नसते. बंजारा तांड्यावरच्या लेकरांच्या घरात गोरमाटी, शहरातल्या कित्येक मोहल्ल्यांत दखनी. त्यांच्यासाठी शाळेतलं मराठी हीसुद्धा शिकायची भाषा असते. किनवटकडच्या तांड्यावर पहिलीच्या वर्गात गोरमाटीचे चार शब्द बोलणाऱ्या शिक्षिकेला मी कच्ची म्हणणार नाही, उलट तिच्याकडून शिकेन.

तेव्हा मराठी किती बोलतात यापेक्षा कशासाठी बोलतात ते बघा. अवघड कल्पना एका वाक्यात समजावली आणि पुन्हा इंग्रजीत आले, तर उत्तम. ‘वही काढा’, ‘उभा राहा’, ‘कोण गैरहजर आहे?’ हेसुद्धा मराठीत असेल, तर मुलांना इंग्रजी ऐकायची रोजची सगळ्यात सोपी संधी वाया जाते. त्याला मी पाठिंबा देणार नाही.

इंग्रजी माध्यमाच्या शाळेतले शिक्षक तरी चांगले असतीलच?

काही असतात, काही नसतात. पाटीवरून कळत नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या अनेक छोट्या इंग्रजी शाळांत पगार इतका कमी असतो की चांगले शिक्षक वर्ष-दीड वर्षात निघून जातात.

पुण्या-मुंबईचे शिक्षक इंग्रजीत पुढे आणि मराठवाड्याचे मागे, यात तथ्य नाही का?

फरक काही प्रमाणात आहे. त्याचं कारण मात्र माणसांत शोधू नका, इतिहासात शोधा. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज १८८५ चं. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. तिथे राज्यकारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत चालायचं; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. मराठवाड्याचं स्वतःचं विद्यापीठ १९५८ साली झालं. म्हणजे इंग्रजी शिकलेल्या आजोबांची, इंग्रजी पुस्तकांच्या कपाटांची जी पिढीजात पुंजी पुण्यातल्या काही घरांना मिळाली, ती इथे साचायला वेळच मिळाला नाही.

अलीकडचं एक कारणही लक्षात घ्या. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. आज चाळिशीत असलेले बहुतेक मराठी माध्यमाचे शिक्षक वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी पहिल्यांदा एबीसीडी शिकले, आणि आता त्यांना सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं आहे. स्वतः कधीच ज्या पद्धतीने शिकले नाहीत, त्या पद्धतीने. त्यांच्यापैकी कितीतरी जण हे जिद्दीने करतात, आणि त्याची दखल पुण्याशी तुलना करताना घेतली जात नाही.

आडनाव, जात, धर्म, बाई-पुरुष यांचा इंग्रजी शिकवण्याशी काय संबंध?

काहीही नाही. तरी शिक्के मारले जातात, आणि ते उघड बोलले गेले पाहिजेत.

‘राखीव जागेवर लागलेत, इंग्रजी कुठून येणार?’ हे वाक्य स्टाफरूममध्ये हळू आवाजात आणि गावात मोठ्या आवाजात बोललं जातं. १९५० साली औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने कॉलेज सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. शतकानुशतकं शिक्षणाबाहेर ठेवलेल्या घरांतली मुलं तिथे इंग्रजीतून शिकली, प्राध्यापक झाली, लेखक झाली. मराठवाड्यातल्या इंग्रजी शिक्षणाची कहाणी त्यांना वगळून सांगताच येत नाही. ज्या शिक्षकाच्या घरात त्याच्याआधी कुणी शाळेत गेलं नव्हतं, त्याने इंग्रजीत एम.ए. करणं ही क्षमतेची खूण आहे. तिच्याकडे संशयाने बघणं हा अन्याय आहे.

‘उर्दू शाळेतल्या सरांना इंग्रजी काय येणार’ आणि ‘केरळच्या सिस्टर म्हणजे इंग्रजी पक्कं’ हे दोन्ही समज सारखेच बिनबुडाचे. दुसऱ्यात कौतुक आहे म्हणून तो बरा ठरत नाही. त्या सिस्टरच्या नावाने शाळेची जाहिरात होते, आणि तिचं खरं शिकवणं कसं आहे हे कुणी तपासत नाही.

बायकांच्या बाबतीत साचा जरा गोड असतो. ‘मॅडम फार प्रेमळ आहेत, पण दहावीच्या व्याकरणाला सरच पाहिजेत.’ सुझन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की लोक दुसऱ्या गटांना दोन मापांनी तोलतात: ही माणसं मायाळू आहेत का, आणि ही माणसं सक्षम आहेत का. पुष्कळ गटांना एका मापात भरभरून दिलं जातं आणि दुसऱ्यात हात आखडला जातो. प्रेमळ म्हणून गौरवलेल्या शिक्षिकेला वर्षानुवर्षं पहिली-दुसरीतच ठेवलं जातं, ते असं. पहिली-दुसरी शिकवणं हे कमी दर्जाचं काम नाही, हा त्यातला आणखी एक मुद्दा.

मी स्वतः शिक्षक आहे. तपासणीला साहेब आले की माझं येत असलेलं इंग्रजीही पळून जातं. मी खरंच अपात्र आहे का?

नाही. आपल्या गटाबद्दल वाईट समज आहे आणि आपल्यामुळे तो खरा ठरेल, या धास्तीने कामगिरी खालावते, असं क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरनसन यांनी १९९५ साली कृष्णवर्णीय अमेरिकन विद्यार्थ्यांच्या बाबतीत मांडलं. हा परिणाम किती मोठा असतो यावर पुढे बराच वाद झाला आहे. पण तपासणीच्या दिवशी घशाला कोरड पडणारे शिक्षक मी इतके पाहिले आहेत की त्या धास्तीबद्दल मला शंका नाही.

उपाय सांगते. वर्गात रोज लागणारी शंभरेक वाक्यं आधी पक्की करा: सूचना, प्रश्न, शाबासकी, ‘पुन्हा सांग’, ‘जोडीदाराला विचार’. ती पाठ झाली की तास इंग्रजीत सुरू होतो आणि इंग्रजीत संपतो, मधलं हळूहळू भरत जातं. धडा शिकवायच्या आदल्या दिवशी मोठ्याने वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. अडलेल्या शब्दाचा उच्चार फोनमधल्या शब्दकोशात ऐकता येतो. मुलांसमोर तो ऐकण्यात कमीपणा नाही, उलट मुलं शब्दकोश वापरायला शिकतात.

आणि एकटे राहू नका. टाटा ट्रस्ट, ब्रिटिश कौन्सिल आणि राज्य शासनाच्या ‘तेजस’ उपक्रमात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नेमाने भेटायचे, आपसांत इंग्रजीत बोलायचे, एकमेकांचे पाठ करून बघायचे. माध्यमिक शिक्षकांसाठी ‘चेस’ हा उपक्रमही याच धर्तीचा. शासनाचा उपक्रम चालू असो वा नसो, आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या पाच-सहा शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसायला परवानगी लागत नाही. अट एकच ठेवा: बोलताना कुणी कुणाला हसायचं नाही.

म्हणजे शिक्षकाला जेमतेम इंग्रजी आलं तरी चालतं, असं तुमचं म्हणणं आहे का?

अजिबात नाही. मी शिक्क्यांविरुद्ध बोलते, अपेक्षांविरुद्ध बोलत नाही. गावाकडचा आहे म्हणून कमी लेखू नका, हे म्हणताना गावाकडचा आहे म्हणून सूटही देऊ नका. ती सूट अखेर लेकरांच्या पदरातून जाते.

प्राथमिकच्या शिक्षकाला बालभारतीचं पुस्तक तयारीशिवाय अर्थपूर्ण वाचता आलं पाहिजे. रोजचा तास इंग्रजीत चालवता आला पाहिजे. गोष्ट सांगता आली पाहिजे, पानभर मजकूर अर्थ बिघडू न देता लिहिता आला पाहिजे. मुलाने अनपेक्षित प्रश्न विचारला तर त्यावर इंग्रजीत दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. नववी-दहावीच्या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाबाहेरचं इंग्रजी नियमित वाचलं पाहिजे आणि मुलांच्या निबंधात काय चुकलं हे कारणासह सांगता आलं पाहिजे. वर्षानुवर्षं गाईडमधून उत्तरं उतरवून देणाऱ्या शिक्षकाला वरच्या कोणत्याही संशोधनाची ढाल करता येणार नाही.

टीईटी पास आहेत म्हणजे इंग्रजी येतंच ना?

टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, १५० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न असतात, त्यात एका भाषेला ३० गुण. बोलणं, वाचून दाखवणं, शिकवून दाखवणं तिथे तपासलंच जात नाही. परीक्षा आवश्यक आहे, पण या प्रश्नाचं उत्तर तिच्यात नाही.

पालकांनाच इंग्रजी येत नसेल तर शिक्षक चांगला आहे की नाही हे कसं ओळखायचं?

ओळखता येतं, इंग्रजी न येताही. वही उघडा. सगळ्या मुलांच्या वह्यांत एकच उत्तर शब्दशः असेल तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. प्रत्येकाच्या वहीत वेगळी वाक्यं आणि वेगळ्या चुका असतील तर तिथे मुलं स्वतः लिहीत आहेत. चुका बघून घाबरू नका. घरी लेकराला विचारा, आज इंग्रजीच्या तासाला कोण कोण बोललं? उत्तर ‘सर’ एवढंच आलं तर विचार करा. मुलाला एखादी इंग्रजी गोष्ट मराठीत सांगायला सांगा. नुसती कविता म्हणून घेऊ नका, कविता न कळताही पाठ होते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. फक्त विनाअनुदानित खासगी शाळांना हे लागू नाही. समितीत असाल तर आधी सांगून एक पूर्ण तास मागे बसून बघा. शिक्षक किती बोलतो यापेक्षा मागच्या बाकावरची मुलं किती वेळा तोंड उघडतात ते मोजा.

आमची संस्था इंग्रजीचा शिक्षक नेमणार आहे. मुलाखतीत काय बघावं?

‘स्वतःची ओळख इंग्रजीत करून द्या’ हा प्रश्न काढून टाका. ती ओळख सगळे पाठ करून येतात आणि त्यातून फक्त सूर ऐकू येतो. त्याऐवजी उमेदवाराला तुमच्याच शाळेतला एक वर्ग द्या, वीस मिनिटं, विषय अर्धा तास आधी सांगून. मग तीन मुलांच्या निबंधांची पानं पुढे ठेवा, नावं झाकून, आणि विचारा: यातली कोणती चूक तुम्ही आधी हाताळाल, कोणती सध्या सोडून द्याल, का? या एका प्रश्नात इंग्रजीही कळतं आणि शिकवणंही. कागद तपासताना आडनाव, गाव आणि शिक्षणाचं माध्यम झाकता आलं तर झाका. जाहिरातीत ‘कॉन्व्हेंट शिक्षितांना प्राधान्य’ असं लिहू नका. आणि ज्याला निवडाल त्याला टिकेल एवढा पगार द्या, नाहीतर पुढच्या जूनमध्ये हीच मुलाखत पुन्हा घ्यावी लागेल.